शेवंताबाईच्या अंगठ्याची चिंधी

शेवंताबाईच्या डाव्या अंगठ्याला विळी लागली त्याला चार वर्षं झाली. जखम आठ दिवसांत भरून आली. चिंधी मात्र काही सुटली नाही.

दर सोमवारी अंघोळ झाली की ती जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा फाडायची, भिंतीकडं तोंड करून अंगठ्याला गुंडाळायची आणि दातानं गाठ आवळायची. कुणी विचारलंच तर सांगायची, "साखर हाय अंगात. लवकर भरत न्हाय." साखरबिखर काही नव्हती. कोडोलीच्या अलीकडं उसाच्या फडांमधे तो वृद्धाश्रम होता, आणि तिथल्या चौदा म्हाताऱ्यांत तिच्याइतकी धडधाकट दुसरी कुणी नव्हती. पण साखर म्हटलं की माणसं पुढं विचारत नाहीत, हे तिनं हेरून ठेवलं होतं.

चिंधीचं खरं कारण मलकापुरात राहत होतं. हंबीरराव त्याचं नाव. शेवंताबाईचा भाचा, सख्ख्या भावाचा मुलगा. मलकापुराजवळ रत्नागिरी रस्त्याला लागून तिच्या बापाची जमीन. बाप गेल्यावर सातबाऱ्यावर भावाचं नाव लागलं तसं तिचंही लागलं. ते कुणी प्रेमानं लावलं नव्हतं, कायद्यानं लागलं होतं. भाऊ जिवंत होता तोवर त्या नावाचं कुणाला ओझं झालं नाही. भाऊ गेला, रस्ता रुंद झाला, शेजारच्या रानात प्लॉट पडले, आणि हंबीररावाला एके दिवशी सातबाऱ्यावर आत्ती दिसली.

आता यात नवल काही नाही. बहिणीनं हक्कसोड करायची रीतच आहे. कचेरीत जायचं, अंगठा द्यायचा, बाहेर आल्यावर साडीचोळी घ्यायची, भावाच्या घरी जेवायचं, डोळे पुसायचे. शेवंताबाईच्या तिन्ही चुलतबहिणींनी असाच हक्क सोडला होता. तिचंही तसं काही म्हणणं नव्हतं. मूलबाळ नाही, नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेली, दिराच्या पोरांनी वाटण्या करताना तिला कुणाच्याच वाट्याला धरलं नाही म्हणून ती इथं आलेली. रान घेऊन ती काय करणार होती?

पण तिच्या शेजारच्या कॉटवर धोंडुबाई होती. धोंडुबाईनं भाच्यांना अंगठा दिला तो वैशाखात. त्या वर्षीची दिवाळी आली ती शेवटची. त्यानंतर माहेरचं कुत्रंसुद्धा फिरकलं नाही.

हंबीरराव मात्र यायचा, सणाला आणि अधनंमधनं रविवारीही. दिवाळीला साडी, पाडव्याला साखरेची माळ, बेंदराला, बैलांच्या सणाला, पुरणपोळीचा डबा. मोटरसायकल लावायचा, पाया पडायचा आणि विचारायचा, "आत्ती, अंगठा बरा झाला का?"

"कुठला रं बाबा. मधनंच चिघळतोय."

मग तो चिंधीकडं असा बघायचा, जसं माणूस तोडीला न आलेल्या उसाकडं बघतं. म्हणायचा, "बरं, बरं. काय गडबड न्हाय." आणि जायचा.

नाही म्हटलं असतं तर माहेर तुटलं असतं. हो म्हटलं असतं तरी तुटलंच असतं, फक्त साडी नेसून. म्हणून शेवंताबाई काहीच म्हणत नव्हती. चिंधी बोलत होती.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना दोन हजार तीन सालच्या डिसेंबरात कोल्हापूरच्या कुठल्याशा कॉलेजची पोरं टेम्पो भरून आश्रमात उतरली. सात दिवसांचं सेवा शिबिर. झाडायचं, सारवायचं, भिंतींना चुना द्यायचा, आणि म्हाताऱ्यांशी बोलायचं. बोलायचंसुद्धा वाटून दिलेलं: एका विद्यार्थ्याला एक आजी नाहीतर एक आजोबा. बरोबरच्या सरांनी यादी वाचली आणि शेवंताबाईच्या वाट्याला एक काळीसावळी, हडकुळी, दोन वेण्या घातलेली पोर आली.

"आजी, मी संघप्रिया कांबळे," पोर कॉटच्या कडेला बसत म्हणाली. "सात दिवस मी तुमच्याकडं."

"माझ्याकडं काय हाय?" शेवंताबाई म्हणाली.

पोरीनं पिशवीतनं आठ पानांचा फॉर्म काढला. नाव, गाव, वय. शेवंताबाईनं सांगितलं. मुलं किती? नाहीत. भेटायला कोण येतं? शेवंताबाईनं मान वर केली. "का?"

"फॉर्ममधी हाय, आजी."

"भाचा येतोय कवा कवा."

"बरं. स्थावर मालमत्ता? म्हंजे घर, जमीन असलं काय?"

गेल्या चार वर्षांत परक्या माणसानं शेवंताबाईला जमिनीचं विचारलं नव्हतं. "काय न्हाय," ती म्हणाली. "हे लुगडं हाय अंगावर. लिव ते."

पोर हसली आणि तिनं पिशवीतनं एक चपटी डबी काढून उघडली. आत निळं शाईचं पॅड. "हितं अंगठा लावा, आजी. माहिती दिली म्हणून."

शेवंताबाईनं हात पदराखाली घेतला. "अंगठा दुखतोय."

"मग उजवा लावा."

शेवंताबाई बघतच राहिली. उजवा! चार वर्षांत हंबीररावाला हे सुचलं नव्हतं. कागद लिहिणाऱ्यानं त्याला डावा म्हणून सांगितलं, तो डाव्याच्या मागं लागला होता. आणि ही कालची पोर बसल्या बसल्या उजवा म्हणाली. ही साधी नव्हे, तिनं मनाशी ठरवलं. हिला कुणीतरी पाठवलंय.

"बाईमाणसाचा उजवा चालत न्हाय," ती ठासून म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"कायदा म्हणतोय."

पोर जरा घोटाळली. कायद्याचं तिलाही नक्की ठाऊक नसावं. तिनं डबी मिटली. "ऱ्हाऊ दे. शेवटच्या दिवशी बघू."

शेवटच्या दिवशी बघू म्हणे! असंच बोलतात सगळे. शेवंताबाईनं तो दिवस बोटांवर मोजून ठेवला. मंगळवार येत होता.

संध्याकाळी पोरं चहाचे पेले घेऊन खोल्याखोल्यांतनं फिरली. संघप्रियानं पेला पुढं केला तशी शेवंताबाई म्हणाली, "ठेव तिथं."

धोंडुबाईची एक कथा होती, ती आश्रमात सगळ्यांना पाठ. कचेरीत जायच्या आधी भाच्यांनी तिला हॉटेलात नेऊन चहा पाजला. मग तिला कसं गुंगल्यागत झालं, पायऱ्या कशा चढल्या कळलं नाही, अंगठा कधी उठला तेही कळलं नाही. चहात कायतरी हुतं, असं धोंडुबाईचं म्हणणं. इतर वेळी शेवंताबाई यावर तोंडाला पदर लावून हसायची. पण ज्या हातात शाईची डबी त्याच हातात चहाचा पेला दिसल्यावर हसू येईना. पोर गेल्यावर तिनं चहा खिडकीखालच्या कर्दळीला घातला.

दुसऱ्या दिवशी, "ठेव तिथं." तिसऱ्या दिवशी, "ठेव तिथं." पोर पेला ठेवायची आणि एकदा तोंडाकडं बघून जायची. ते बघणंही शेवंताबाईला पटायचं नाही. नजर कशी, तर चुकलेला हिशेब तपासणाऱ्या शिक्षकासारखी.

बाकी पोर वाईट नव्हती, हे शेवंताबाईला नाइलाजानं दिसत होतं. न सांगता तिनं गादी उन्हात टाकली. ट्रंकेखाली मुंग्यांची रांग होती तिथं हळद टाकली. धोंडुबाईला ऐकू कमी येतं तर तिच्या कानाशी जाऊन, तिच्याच ढंगात, "काय गं म्हातारे, जेवलीस का?" म्हणून ओरडायची, आणि धोंडुबाई खूश. बाप वीज मंडळात वायरमन, मूळ गाव गगनबावड्याकडं. "तिकडं इतका पाऊस, आजी, की आमच्या घरात पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं ते दसऱ्याला आटतं." शेवंताबाईला हसू आलं. तिनं ते खोकल्यात घालवलं. गोड बोलणाऱ्याला हसू द्यायचं नसतं, पुढं तेच महाग पडतं.

चौथ्या दिवशी दुपारी सगळ्या पेंगत होत्या. संघप्रिया शिबिराची औषधपेटी घेऊन आली, कॉटवर बसली आणि काही कळायच्या आत तिनं शेवंताबाईचा डावा हात मांडीवर ओढून घेतला.

"चार दिवस बघायलोय, चिंधी बदलत न्हाईसा. साखर हाय म्हणता. बोट कापायला लागंल अशानं."

"सोड! सोड म्हणतो की!"

गाठ सुटली. चिंधी उलगडली. आतनं अंगठा निघाला: पांढराफटक, सुरकुतलेला, भिजत घातलेल्या वालासारखा. पण धड. विळीचा एक बारीक वळ, तोही जुना.

पोर अंगठ्याकडं बघत बसली. मग तिनं शेवंताबाईकडं बघितलं. शेवंताबाईला वाटलं, आता ही ओरडणार, आश्रमाचे मॅनेजर आकारामभाऊ येणार, रविवारी हंबीरराव आला की त्याला हसत हसत सांगणार, चार वर्षं म्हातारीनं कसं फसवलं बघा.

पोरीनं पेटी उघडली. कापूस घेतला, त्यावर लाल औषध ओतलं, अंगठ्यावर ठेवलं आणि पांढरी पट्टी गुंडाळायला लागली. हळू आवाजात म्हणाली, "लुगड्याची चिंधी घालू नका. लोकांना कळतं. लाल डाग दिसला म्हंजे कुणी विचारत न्हाय."

"कशासाठी करायलीस हे?" शेवंताबाईनं विचारलं.

"तुम्ही कशासाठी करायलाय?"

"तुला काय करायचंय?"

"मग मला तरी कशाला विचारताय?" म्हणत पोर उठली.

त्या दिवसापासनं शेवंताबाईला घास गोड लागेना. आधी पोरीवर नुसता संशय होता, आता पोरीच्या हातात गुपित होतं. फुकट कोण कुणाची पट्टी बांधतं? ही काहीतरी मागणार. कधी मागते, एवढंच बघायचं.

रविवारी हंबीरराव आला. केळ्यांचा घड आणला होता. पाया पडला, अंगठ्यावरची पांढरी पट्टी, त्यातनं उमटलेला लाल डाग बघून त्याचा चेहरा उतरला. "आत्ती, हे तर वाढायलंय की!"

"व्हय रं. पोरगी बांधती बिचारी रोज."

हंबीरराव तसा दुष्ट माणूस नव्हे. त्याच्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट मावायची, आणि चार वर्षं तिथं हा अंगठा होता. तो केळी ठेवून बाहेर गेला. शेवंताबाईनं खिडकीतनं बघितलं. चिंचेखाली संघप्रिया पोरींच्या फॉर्मांचा गठ्ठा लावत बसली होती. हंबीरराव तिच्यापाशी थांबला. हातवारे करून बोलला. एकदा खोलीकडं बोट केलं, एकदा शाईच्या डबीकडं. मग शर्टाच्या आतनं एक घडी केलेला कागद काढून त्यानं पोरीच्या हातात दिला. पोरीनं तो वाचला, घडी केली आणि पिशवीत ठेवला.

शेवंताबाई खिडकीचा गज धरून उभी राहिली. तिला राग आला नाही. उलट हायसं वाटलं. चला, आपला अंदाज चुकला नव्हता. मग जरा वेळानं मात्र वाईट वाटलं, आणि हे कशामुळं, ते तिला सांगता येईना. मिठाला पाणी सुटतं म्हणाली होती ती, ते आठवलं.

संध्याकाळी चहा आला.

"ठेव तिथं," शेवंताबाई भिंतीकडं तोंड करून म्हणाली.

पेला ठेवल्याचा आवाज आला नाही. तिनं वळून बघितलं. पोर पेला हातात घेऊन तशीच उभी होती.

"ठेव तिथं," पोर म्हणाली. "पाच दिवस ऐकायलोय. ठेव तिथं. मला काय कळत न्हाय वाटतं? कर्दळीखाली चहाची माती झाल्या, दिसत न्हाय मला? पैल्या दिवशी नाव सांगितलं, कांबळे म्हटलं, आणि तवाच तुमचं तोंड बदललं. माझी आज्जी सांगायची, तिला पण असंच म्हणायची लोकं. ठेव तिथं. बस तिथं. मला वाटलं हुतं आता कोण करत नसंल असलं."

शेवंताबाईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती फटकन म्हणणार होती, छे गं, मला कुठलं आलंय ते, आम्ही असलं कधी— आणि जीभ अडली. कारण सासरच्या गोठ्याच्या वळचणीला खुंटीवर एक कान तुटलेला कप असायचा. रानात भांगलायला, तण काढायला येणाऱ्या बायकांचा. त्यात ती स्वतः वरनं चहा ओतायची, अंतर राखून. कप धुवायच्या त्याच, अडकवायच्या त्याच. पंचवीस वर्षं.

"बस," ती म्हणाली. "बस हितं. कॉटवर बस."

पोर बसली नाही.

"मी न्हाय केलं असलं, असं म्हणणार न्हाय," शेवंताबाई म्हणाली. "केलंय. आमच्यात कप हुता वायला, येगळा. माझ्याच हातानं घालत हुतो त्यात. ते खोटं सांगून कुठं जाऊ? पर तुझा चहा त्यासाठी न्हाय ठेवला, पोरी. आईच्यान."

"मग?"

"मला वाटलं, त्यात गुंगीचं आवशीद हाय."

"गुंगीचं?"

"अंगठा घ्यायला."

"आजी," पोर म्हणाली, "त्यात साखरसुद्धा धड नसती. सर मोजून घालायला लावतात."

पलीकडच्या कॉटवरनं धोंडुबाई ओरडली, "काय म्हणती गं ती?"

"काय न्हाय! झोप!" दोघी एकदम ओरडल्या. आणि तरी दोघींपैकी कुणी हसलं नाही.

शेवंताबाईनं हात पुढं करून पेला घेतला. चहा कोमट झाला होता, वर साय धरलेली. तिनं घोट घेतला. पोर डोळे बारीक करून बघत होती, घोट खरंच घशाखाली उतरतो की गालात राहतो. शेवंताबाईनं तिच्यादेखत पेला रिकामा केला आणि उपडा धरून दाखवला.

"आता तू सांग," ती म्हणाली. "भाच्यानं काय दिलं तुला?"

पोरीनं पिशवीतनं कागद काढून कॉटवर टाकला. "म्हणाला, तुम्ही फॉर्मवर अंगठे घेतायच की, तसा ह्यावर पण एक घ्या. म्हातारीचा डावा दुखतोय तर उजवा घ्या, चालतंय म्हणे, चौकशी केलीया मी."

"आणि तू ठेवून घेतलास."

"व्हय. ठेवून घेतला." पोरीनं खाली बघितलं. "खोटं कशाला सांगू. मला तुमचा राग आलता. वाटलं, लावावा गुमान ह्यांचा अंगठा. माझ्या हातचा चहा पीत न्हाईत, जाऊ दे जमीन. मला काय त्याचं. दुपारपास्नं तेच चाललंय डोक्यात."

शेवंताबाई तिच्याकडं निरखून बघत राहिली. आयुष्यात तिला फसवणारी पुष्कळ माणसं भेटली होती. त्यातलं एकही असं बोललं नव्हतं.

"वाच," ती म्हणाली. "सगळं वाच. एक अक्षर गाळू नगंस."

पोर वाचायला लागली. कागदावरची मराठी तिला जड जात होती, ती अडखळत वाचत होती. लिहून देणार शेवंताबाई, कारणे हक्कसोडीचे संमतीपत्र लिहून देते की. मग गट नंबर, चतुःसीमा. मग, "माझे सर्व सणवार, साडीचोळी, माहेरपण भावाने व त्याचे पश्चात भाच्याने केले आहे."

"ते खरं हाय," शेवंताबाई म्हणाली. "फुडं."

"मी सध्या माझ्या भाच्याकडेच राहत असून तो माझा सांभाळ आनंदाने करीत आहे."

"काय?"

पोरीनं पुन्हा वाचलं.

"कुणाकडं ऱ्हातोय मी?"

"भाच्याकडं. असं लिवलंय."

पोर पुढचं वाचत होती, राजीखुशीने, अक्कलहुशारीने, नशापाणी न करता, पण ते शेवंताबाईच्या कानावरनं गेलं. जमीन जाणार, हे तिला माहीत होतं. आज ना उद्या जायचीच होती. पण ह्या कागदात एक शेवंताबाई मलकापुरात राहत होती. भाच्याच्या घरात, खाऊनपिऊन, आनंदात. तिच्या नावावर दुसरीच कुणीतरी सुखी झाली होती, आणि अंगठा मात्र हिचा पाहिजे होता.

"किती दिवस जीव खाल्ला चिंधीनं," ती स्वतःशीच म्हणाली. मग पोरीला, "तो कवा येणार हाय कागद न्यायला?"

"मंगळवारी. आमचा निरोप समारंभ हाय तवा."

"बरं. मला ट्रंक भरू लाग."

"कुठं निघालाय?"

"कागदात लिवलंय तिथं," शेवंताबाई म्हणाली.

मंगळवारी दहाच्या सुमाराला हंबीरराव आला तेव्हा पोरं सतरंज्या गुंडाळत होती. आत्ती व्हरांड्यात बसलेली. दिवाळीची साडी नेसलेली, शेजारी ट्रंक, ट्रंकेवर गादीची वळकटी, वळकटीवर तांब्या. संघप्रिया खांबाला टेकून उभी. हंबीररावानं आधी पोरीकडं बघितलं, मग डावा हात बघितला. पट्टी नव्हती.

"बरा झाला?" त्याचा आवाज आनंदानं चिरकला.

"झाला रं बाबा. पोरीच्या हाताला गुण हाय." शेवंताबाईनं अंगठा वर करून त्याच्या नाकासमोर धरला. "कागद वाचला मी. लई चांगला लिवलाय. माझं म्हणणं काय, की त्यात एक गोष्ट तेवढी खोटी हाय, ती खरी करू, मग जाऊ कचेरीत. खोट्या कागदावर अंगठा दिला तर उद्या तुलाच त्रास."

"कुठली खोटी?"

"मी तुझ्याकडं ऱ्हातोय म्हणून लिवलायस. चल. ट्रंक उचल."

हंबीरराव हसला. मग त्याला दिसलं की आत्ती हसत नाही. त्यानं ट्रंकेकडं बघितलं, तांब्याकडं बघितलं.

"आत्ती, आता कसं... मोटरसायकलवर ट्रंक कशी..."

"ती मागनं आली तर चालंल. मी बसतो की मागं. बसाय येतंय मला."

"घरात काम काढलंय गं. फरशी चालल्या."

"मी शेणानं सारवलेल्यात वाढलेली. मला फरशी कशाला?"

"तसं न्हवं, पण... आमच्या पोरीची, निशिगंधाची बारावी हाय औंदा. खोली एकच. तुझ्या सुनंला विचारायला..."

"मग विचार," शेवंताबाई म्हणाली. "मला काय गडबड न्हाय."

पोरं सतरंज्या तशाच धरून बघत होती. आकारामभाऊ ऑफिसच्या दारात आले. हंबीररावानं घाम पुसला. त्याला रागावताही येईना, कारण आत्तीनं नाही म्हटलंच नव्हतं. तो पाया पडला आणि म्हणाला, "बघतो. सांगतो तुला." मोटरसायकल पहिल्या लाथेला सुरू झाली नाही. दुसऱ्या लाथेलाही नाही. तिसऱ्याला झाली.

धूळ खाली बसेपर्यंत शेवंताबाई रस्त्याकडं बघत होती. मग तिचे खांदे एकदम पडले. संघप्रियानं ट्रंक उचलून आत नेली. खोलीत गेल्यावर म्हणाली, "आजी, आता तो येईल का पाडव्याला?"

"न्हाय."

"मग वाईट झालं की."

"झालंच." शेवंताबाईनं डोळ्याला पदर लावला. "आता फॉर्म काढ तुझा. मालमत्ता काय लिवलीस? न्हाय म्हणून? खोड ते. आणि आण डबी. कुठला पायजे, डावा का उजवा?"

टेम्पोत चढताना पोर म्हणाली, "मी येईन परत."

"सगळी जाताना असंच म्हणत्यात," शेवंताबाई म्हणाली. "आल्यावर सांग आले म्हणून."

पाडवा आला. हंबीरराव आला नाही. साखरेची माळही आली नाही. धोंडुबाई म्हणाली, "आलीस माझ्या रांगंत," आणि वर तिला बरं वाटलेलं दिसलं, म्हणून शेवंताबाई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. रान अजून सातबाऱ्यावर होतं. पण रान पाया पडायला येत नाही.

एप्रिलच्या रणरणत्या दुपारी एसटीतनं उतरून संघप्रिया चालत आली. एकटी. ना सर, ना टेम्पो.

"आले," ती दारातनं म्हणाली.

शेवंताबाई कॉटवर उठून बसली. आनंद तोंडापर्यंत आला होता, तेवढ्यात डोक्यात दुसरंच आलं. "कशाला?"

"कशाला म्हंजे? परीक्षा झाली. अशीच आले."

"असंच कोण येतंय? मलकापूरला जाऊन आलीस काय? कोण भेटलं तुला?"

"कंडक्टर भेटला."

"पिशवी दाव."

पोरीनं पिशवी कॉटवर ओतली. पाण्याची बाटली, कंगवा, काकडीच्या दोन फोडी कागदात गुंडाळलेल्या, एक वही. शेवंताबाईनं वही हातात घेऊन झाडली. तिकीट पडलं. तिनं ते खाली-वर करून बघितलं आणि परत वहीत ठेवलं. मग काकडीची एक फोड घेतली. "मीठ न्हाय आणलंस?"

"आमच्याकडं पाणी सुटतंय की त्याला."

या वेळी शेवंताबाईनं खोकला काढला नाही.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "आकारामभाऊंकडनं एक कार्ड आण जा. तुला लिवाय येतंय, तर लिव." आणि तिनं सांगितलं. चिरंजीव हंबीररावास आत्तीचा आशीर्वाद. ट्रंक भरून ठेवली आहे. फरशी झाली का? निशिगंधाची परीक्षा झाली असेल, पोरीला पेढे दे. खोली मोकळी झाली की कळव, मी येते. मला काही गडबड नाही.

"दर महिन्याला एक टाकू," ती म्हणाली. "चार वर्षं तो इचारत हुता. आता मी इचारतो."

पोरीनं लिहून वाचून दाखवलं. शेवंताबाईनं ऐकलं, मान हलवली, कार्ड हातातनं घेतलं आणि सरळ ऑफिसात जाऊन आकारामभाऊंच्या पुढं ठेवलं. "वाचा जरा मोठ्यानं."

आकारामभाऊंनी चष्मा चढवून वाचलं. आशीर्वाद, ट्रंक, फरशी, पेढे, खोली, गडबड नाही. शब्दाला शब्द.

मागनं पोर येऊन उभी राहिली होती. "झाली खात्री?"

"एका बारीला कुठं खात्री हुतीया?" शेवंताबाई म्हणाली. "फुडल्या महिन्यात ये. मधी त्याचं उत्तर आलं तर कोण वाचणार?"

"आकारामभाऊ हायत की."

"त्यास्नी वाचाय येतंय," शेवंताबाई आकारामभाऊंच्या तोंडावरच म्हणाली, "पर माझा भरवसा न्हाय त्यांच्यावर."